आठवड्यातून किती वेळा? आमच्या दापोऱ्यातल्या बाहेरच्या खाण्याची गोष्ट

दिवाळीत गावी दापोऱ्याला गेलो होतो. पुतणी सातवीत आहे. तिला सुट्टीत भरून आणायला शाळेतून एक तक्ता दिला होता. प्रश्न असा : तुमच्या घरातली माणसं बाहेरचं फास्ट फूड किती वेळा खातात? पुढे चार चौकटी. रोज, आठवड्यातून एकदा, महिन्यातून एकदा, कधीच नाही.

दादा म्हणाला, "लिही, महिन्यातून एकदा." वहिनी आतूनच ओरडली, "एकदा? केळीचा हिशेब करायला रावेरला जाता तेव्हा काय उपाशी येता?" मग दादाची चौकट खोडून आठवड्यावर आली. मी इंदूरला राहतो, तिथे सकाळचे पोहे-जलेबी कुणी बाहेरचं खाणं धरतच नाही, त्यामुळे माझीही बरीच चर्चा झाली. शेवटी पोरगी आईकडे वळली. आजी, तुझं काय? आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं लिही, कधीच नाही."

आदल्या संध्याकाळी आईने आमच्यासोबत गाडीवर उभं राहून दोन प्लेट पाणीपुरी खाल्ली होती. सगळे हसलो. आई हसली नाही. ती का हसली नाही, ते पुढे सांगतो. पण तेव्हापासून डोक्यात हा हिशेब सुरू झाला, की आपल्या घरात बाहेरचं खाणं कधी सुरू झालं, कुणी खाल्लं आणि कुणाचं मोजलं गेलं.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी : दापोरा बऱ्हाणपूर जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात. पण घरात मराठी, शेतात केळी आणि सोयरीक जळगाव जिल्ह्यात. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा आमचा भाग मध्य प्रदेशातच राहिला, रावेर-मुक्ताईनगर मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. त्यामुळे आमच्या ताटाला दोन बाजू आहेत. शेवभाजी आणि भरीत खानदेशाचं, कचोरी आणि पोहे-जलेबी माळव्याकडची. मुंबईचा वडापाव आमच्याकडे फार उशिरा आला आणि आल्यावरही कचोरीला हलवू शकला नाही.

तसं बघितलं तर बाहेरच्या झटपट खाण्याची परंपरा बऱ्हाणपूरला जुनीच आहे. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर मोगलांच्या दख्खनच्या मोहिमांचं मोठं ठाणं झालं. फौजा, बैलांचे तांडे, कापडाचे व्यापारी, सगळ्यांची ये-जा. शहरात असं सांगतात की एवढ्या फौजेला पटापट जेवू घालायचं म्हणून इथला मांडा निघाला. उपड्या कढईवर टाकलेली, धोतराच्या पानासारखी पातळ, हातभर रुंद पोळी. आजही बऱ्हाणपूरात लग्नाकार्यासाठी असे मांडे शेकड्याने मागवतात. गंमत म्हणजे आमच्या घरी आखाजीला होतात तेही मांडेच, पुरणाचे, मातीच्या खापरावरचे. शेजारच्या मुक्ताईनगरला, कोथळी-मेहूणला मुक्ताबाईचं स्थान, आणि मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा तर पोराटोरांना पाठ. एकच पोळी. शहरात ती बाजारात विकली गेली, आमच्याकडे वर्षातून एकदा चुलीपुढे बसून बायकांनी हात भाजून केली.

आमच्या आजोबांना आम्ही 'बाबा' म्हणायचो आणि वडिलांना 'भाऊ'. बाबांच्या जुन्या वह्या अजून माळ्यावर आहेत. दर दिवाळीला नवी वही, पहिल्या पानावर श्री. या वेळी पुतणीच्या तक्त्याच्या निमित्ताने त्यातल्या काही खाली काढल्या. बाजारच्या दिवसाची नोंद साधारण अशी : मीठ, गूळ, सुतळी, बैलाची वेसण, आणि शेवटी "चहा-भजी, चार आणे". १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, तरी बाबा बरेच महिने आणे लिहीत राहिले. काही ठिकाणी आणे लिहून बाजूला कंसात पैसे लिहिलेत, म्हणजे त्यांचाही गोंधळ होत असावा.

या "चहा-भजी"त बरंच काही आहे. चहा हा काही आपल्या वाडवडिलांचा नाही. १९०३ साली इंग्रज सरकारने चहावर उपकर बसवला, तो पैसा चहाच्या प्रचारावर लागला, आणि १९३० च्या दशकात रेल्वे स्टेशनांपासून बाजारांपर्यंत चहाच्या पाट्या लागल्या, फुकट कप वाटले गेले. भुसावळ-खंडवा रेल्वे बऱ्हाणपूरवरून जाते, लालबागेत १९०६ पासून ताप्ती मिल. स्टेशन आणि मिल, या दोन ठिकाणी चहाची दुकानं वाढली नसती तरच नवल. तिथून तो बाजाराच्या गावांत आला आणि बाजारातून बाबांच्या वहीत.

भजी का, पोळी-भाजी का नाही? तर त्याला सोवळ्याओवळ्याचं कारण होतं. पाण्यात शिजलेलं अन्न कुणाच्याही हातचं चालत नसे, तेला-तुपात तळलेलं चालत असे. म्हणून बाजारातल्या होटलात भात-वरण नाही, भजी, शेव, जलेबी. (होटलच. हॉटेल नाही. आमच्याकडे कौलं आणि काळी कढई असली की होटल.) आज आपण डॉक्टरांपुढे बसून तळणाला शिव्या देतो, पण बाजारात तळणच का शिजलं याचं मूळ जातीत आहे.

आणि आता ती गोष्ट, जी लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. भाऊंनी मला ती एकदाच सांगितली. बाबा बाजारला निघाले की गाडीवर आमचा सालदार असायचा. बैलगाडी तो हाकायचा, पोती तो उचलायचा. होटलापाशी आले की बाबा आणि भाऊ आत बाकावर. सालदार बाहेर. त्याच्यासाठी भिंतीच्या कोनाड्यात वेगळा पेला ठेवलेला, कान तुटलेला. तो स्वतः काढायचा, होटलवाला वरून चहा ओतायचा, पिऊन झालं की तो स्वतःच धुऊन कोनाड्यात ठेवायचा. पैसे मात्र बाबा द्यायचे आणि वहीत ते "चहा-भजी"तच धरलेले आहेत. म्हणजे चार आण्यांत तीन माणसं आहेत, पण तिसऱ्याचा पेला वहीत दिसत नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, होटलं सगळ्यांना खुली असं स्पष्ट लिहिलेलं आहे. १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध कायदाही झाला. कोनाड्यातला पेला त्यानंतरही काही वर्षं होता, असं भाऊ म्हणायचे. मी विचारलं, बाबा काही बोलले नाहीत? भाऊ म्हणाले, "बाबा कशाला बोलतील? बाबांच्या घरीही तसाच पेला होता."

भाऊंनी अजून एक सांगितलं. सालदार भजी मात्र आमच्यातलीच खायचा. ती कागदात बांधून मिळायची. तो गाडीखाली सावलीत बसून खायचा. ताटलीला जात होती, कागदाच्या पुडीला नव्हती. हे मला फार दिवस डोक्यात राहिलं आहे. आमच्या भागात बसून खायच्या पदार्थांपेक्षा पुडीतले पदार्थ जास्त का चालले, शेव, गुडीशेव, चिवडा, भजी, याचं एक कारण हे असेल का? पुडी घेऊन कुणीही कुठेही बसू शकत होतं.

पुडीचा दुसरा उपयोग घरच्या बायकांना. बाबांची आई सोडा, बाबांची बायको, म्हणजे आमची मोठीमाय, तिने आयुष्यात होटलाची पायरी चढली नाही. बाजारच्या दिवशी संध्याकाळी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला की पोरं वेशीपर्यंत पळायची. पिशवीतून तेलाने पारदर्शक झालेली वर्तमानपत्राची पुडी निघायची. मोठीमाय ती सोडायची, एकेकाच्या हातावर दोन-दोन भजी, आणि तिच्या वाट्याला तळाचा चुरा नि तळलेली मिरची. मला लहानपणी वाटायचं की मोठीमायला मिरचीच आवडते.

पण "बाहेर" म्हणजे फक्त होटल असं धरलं तर हिशेब चुकतो. जुन्या काळात आमच्या घरची माणसं वर्षात किती पंगती जेवायची! लग्न, तेरवी, भंडारा, सप्ताह. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, पत्रावळीवर. इच्छापूरच्या इच्छादेवीच्या यात्रेला गेलं की दशम्या घरच्या आणि वरून रेवडी-जलेबी यात्रेतली. हिवाळ्यात शेतात भरीत. हिरवी वांगी तुराट्यांवर भाजायची, बडगीत ठेचायची, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या. या भरिताला पुरुषच आचारी, आणि एरवी पाणीसुद्धा हातात मागणारे आमचे काका तिथे वीस माणसांचं भरीत एकटे करायचे. हे सगळं घराबाहेरचं खाणं. फक्त त्याला पैसे पडत नव्हते म्हणून ते वहीत नाही.

भाऊंच्या काळात वहीतल्या नोंदी दाट होत जातात. कारण केळी. केळी सावदा-रावेरहून रेल्वेच्या वॅगनींनी दिल्लीकडे जायची हे सगळ्यांना माहीत आहे. पुढे ट्रक वाढले. इंदूर-इच्छापूर रस्त्यावर ढाबे लागले, आणि ढाबा म्हणजे शेवभाजी. घरात भाजीला काही नसेल तेव्हाची ही खानदेशी युक्ती, तिखट रश्श्यात शेव टाकायची. ढाब्यावर आली आणि तिला भाव आला. केळी कापणीचा हिशेब, व्यापाऱ्याची वाट, ट्रक भरेपर्यंतची रात्र, या सगळ्यात भाऊ ढाब्यावर जेवू लागले. आधी आठवड्याला, मग दोन-तीन दिवसांनी. ठिबक आलं, नंतर टिश्यूकल्चरची रोपं आली, हातात एकरकमी पैसा दिसू लागला. गावातल्या चौकातही नाश्त्याची गाडी लागली. सकाळी पोहे, दुपारी कचोरी.

माझ्या पिढीचं तर सांगायलाच नको. १९९६ साली दिल्लीत आणि मुंबईत मॅकडोनल्ड्स आलं, ते आम्ही पेपरात वाचलं. मी पहिला बर्गर खाल्ला तो इंदूरला कॉलेजात असताना, आणि खरं सांगू, निराशा झाली. मेथीची भजी नसलेला पाव. पण महिन्यातून एकदा मित्रांसोबत तिथे बसणं ही एक वेगळीच ऐट होती. इंदूरचा सराफा रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की खाण्याचा होतो, छप्पन दुकान आहेच. पाच-सहा वर्षांत मी आठवड्यातून चार वेळा बाहेर खाणारा माणूस झालो, आणि मला ते कळलंही नाही. वही मी ठेवत नाही ना.

सरकार मात्र वही ठेवतं. कुटुंबं महिन्याला कशावर किती खर्च करतात याची देशभर पाहणी होते. ग्रामीण भारतात १९९९-२००० साली घरखर्चातला २२.२३ टक्के वाटा धान्याचा होता आणि पेयं, नाश्ता, तयार पदार्थ यांचा ४.१९ टक्के. २०२२-२३ मध्ये धान्य ४.९१ वर आलं आणि पेयं-नाश्ता-तयार पदार्थ ९.६२ वर गेले. म्हणजे गावाकडचं घर आज ज्वारी-गव्हापेक्षा जवळजवळ दुप्पट पैसा चहा-नाश्ता-पाकिटांवर घालवतं. अर्थात यात रेशनचं स्वस्त, फुकट धान्यही आहे, त्यामुळे धान्याचा खर्च खाली दिसतो. नुसता आकडा बघून "लोक भाकरी विसरले" म्हणणाऱ्यांनी जरा दम धरावा. पण गावातल्या किराणा दुकानात जाऊन बघा. दारावर माळांसारखी लटकलेली पाच रुपयांची पाकिटं. शाळा सुटली की आधी तिथे गर्दी. आमच्या गावात पिझ्झा घरपोच येत नाही, पण फास्ट फूड म्हणाल तर ते हेच आहे, आणि ते आठवड्यातून एकदा नाही, रोज आहे. पुतणीला मी म्हटलं, पाकिटं धरून लिही. ती म्हणाली, "काका, ते खाणं थोडीच आहे?" तिच्या आजीचीच नात!

तर आता आई. सगळ्यांचं हसून झाल्यावर, जेवणं आटोपल्यावर, ओट्यावर बसलो असताना मी तिला विचारलं, की खरंच कधीच नाही का? बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एकदा तुझ्या भाऊंनी नेलं होतं."

मोठीमायच्याच आजारपणातली गोष्ट. मी तेव्हा चार-पाच वर्षांचा, म्हणजे १९८० नंतरची. मोठीमायला बऱ्हाणपूरला दवाखान्यात ठेवलं होतं. आई तिच्यापाशी. डबा गावाहून बसने यायचा, त्या दिवशी बस चुकली, डबा आला नाही. दुपारचे तीन वाजले. भाऊ म्हणाले, चल. दवाखान्यासमोरच्या होटलात पडदा लावलेल्या दोन खोल्या होत्या, वर पाटी 'फॅमिली रूम'. आईला वाटलं ही कुणाची तरी राहायची खोली आहे, आत कसं जायचं. भाऊंनी पुरी-भाजी मागवली. ती पडद्याकडे पाठ करून, डोक्यावरचा पदर दातात धरून बसली. पोऱ्याने ताटली आणून ठेवली तेव्हा तिला इतकं ओशाळं झालं, की आपण बसलोय आणि कुणी पुरुष आपल्याला वाढतोय. लग्नाला आठ वर्षं झाली होती. या आठ वर्षांत तिला कुणी बसवून वाढलं असेल तर माहेरी.

"चव कशी होती?"

"चांगली होती रे. बटाट्याची. वर कोथिंबीर होती." मग जरा थांबून, "दोन पुऱ्या उरल्या, तर कागदात बांधून आणल्या. तुझ्या मोठीमायला द्याव्या वाटलं, पण कुठून आणल्या म्हटलं असतं. मग कोपऱ्यावर कुत्र्याला घातल्या."

घरी येऊन भाऊंनी तिला बजावलं होतं, आईला सांगू नको. सासू खाटेवर आणि सून होटलात, असं झालं असतं. तिने सांगितलं नाही. मोठीमायला नाही, जावेला नाही, पुढे आम्हालाही नाही. त्यानंतर रावेरला लग्नाला जाताना, मुक्ताईनगरला, नंतर माझ्याकडे इंदूरला, सगळीकडे ती खाते. पाणीपुरी तर तिला फार आवडते. पण कुणी विचारलं की तोंडातून "कधीच नाही" निघतं.

मी दुसऱ्या दिवशी माळ्यावरून ती वहीही शोधली. तोवर वही भाऊंच्या हातात आली होती. दवाखान्याचे दिवस सापडले. औषध, सलाईन, बसभाडं, मोसंबी. त्याखाली भाऊंच्या तिरप्या अक्षरात "चहापाणी, साडेचार रुपये". इतर दिवशीच्या चहापाण्यापेक्षा ती रक्कम जास्त आहे. पुरी-भाजी असं लिहिलेलं नाही.

पुतणीने तक्ता पूर्ण केला. आजीच्या नावापुढे तिने काय खूण केली ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

मी निघायच्या आदल्या रात्री दादाने बऱ्हाणपूरहून पावभाजी बांधून आणली. केळीची पट्टी वटली होती, खुशीत होता. आईने पिशव्या उघडून भाजी पातेल्यात ओतली, चुलीवर ठेवली, "पाणचट आहे" म्हणत वरून लसूण-मिरचीची फोडणी दिली, बडगीत दाणे कुटून टाकले. पाव तव्यावर तुपात भाजले. मग आम्ही सगळे स्वयंपाकघरात मांडी घालून बसलो, वहिनीही बसली, आईही बसली, आणि या वेळी दादाने वाढलं. पोरगी मध्येच म्हणाली, "काका, हे घरचं धरायचं का बाहेरचं?" दादा म्हणाला, "आधी खा."

जेवण झाल्यावर आईने पावभाजीच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या धुतल्या आणि दोरीवर वाळत घातल्या.